दर्शनी कोपरा

पळसदेवजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून मासळीवाल्या बायका बसत. पुढ्यात चिलापी, कटला, मरळ भरलेली घमेली, डोक्यावर विरलेली ताडपत्री आणि पाठीमागून सोलापूरकडे धावणारे ट्रक. मच्छीमार संस्थेच्या नव्या बाजाराला मंजुरी मिळाली आणि नकाशाचं काम बारामतीच्या पुष्कर सरांच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा सरांनी प्रियदर्शनीला बोलावून सांगितलं, “तू एकदा जाऊन ये. बायकांना काय काय लागतं ते विचार. नंतर तक्रारी नकोत.”

प्रियदर्शनी त्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर होती. कागदावरची इमारत जमिनीवर जशीच्या तशी उभी राहीपर्यंत ठेकेदार, गवंडी, प्लंबर आणि क्लायंट या सगळ्यांच्या मागे लागायचं हे तिचं काम. आर्किटेक्चरची पदवी घेऊनही ती हौसेनं साईटवर आली होती. कोऱ्हाळे बुद्रुकची मुलगी. वडील भानुदास साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त होऊन घरची शेती बघत. मुलगी हेल्मेट घालून स्लॅबवर उभी असलेला फोटो त्यांनी घरात बुद्धाच्या तसबिरीखाली लावला होता.

ती पळसदेवला गेली तेव्हा संस्थेचे चार पुरुष भोवती उभे होते. बायकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेच देत होते. ओटे उंच पाहिजेत, पाणी पाहिजे, सावली पाहिजे, बर्फाच्या पेट्या ठेवायला जागा पाहिजे. बायका नुसत्या माना हलवत होत्या. ती निघाली तेव्हा त्या बायकांतली ताईबाई तिच्या मागोमाग स्कूटीपर्यंत आली. साठी उलटलेली, काटक बाई. हातांना कोपरापर्यंत खवले चिकटलेले.

“मॅडम, त्या गड्यांपुढं बोलता येत न्हाय,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आमी सकाळपासनं पाण्याचा घोट घेत न्हाय. च्या बी न्हाय. घेतला तर जायाचं कुठं? रस्ता वलांडून पल्याड उसात जावं लागतं. ऊस तुटला की त्यो बी आडोसा जातो. आमच्यातल्या लीलाबाईची जाऊ रस्ता वलांडताना टेम्पोखाली घावली. पाय गेला तिचा. तुमी बाई मानूस हाय म्हणून सांगते.”

प्रियदर्शनीला यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. साईटवर दिवस काढायचा तर सकाळी पाणी कमी प्यायचं, दुपारी लागली तर पेट्रोल पंप गाठायचा, तिथल्या दाराला कुलूप असलं तर पोराकडे चावी मागायची आणि त्यानं पायापासून डोक्यापर्यंत बघून घेईस्तोवर उभं राहायचं, हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. त्यापायी तिला लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास जडला होता. डॉक्टर म्हणायचे, भरपूर पाणी पीत जा. तिला डॉक्टरांचाच राग यायचा.

नकाशात बायकांचं स्वच्छतागृह तिनं आग्रहानं घ्यायला लावलं. जागाही तिनंच ठरवली. प्लॉट मागच्या बाजूला उजनीच्या पाण्याकडे उतरत गेलेला होता. धरण भरलं की तिथली जमीन ओली राही. शौचालयाची टाकी तिथे बांधली असती तर मैला उलटा वर आला असता. शिवाय मागे काळोख. म्हणून गेटजवळचा, रस्त्याकडचा कोपरा. उजेडाचा, वर्दळीचा, उंचवट्याचा. पुष्कर सरांनी नकाशावर बोट ठेवून म्हटलंही होतं, “छान. दर्शनी कोपरा बायकांना. चांगला संदेश जातो.”

संस्थेचे चेअरमन जोतीरामतात्या पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी अगत्यानं चहा मागवला होता.

“मॅडम, गाव कुठलं म्हणायचं?”

“कोऱ्हाळे बुद्रुक.”

“अरे वा! आमची सोयरीक हाय तितं. आडनाव काय?”

तिनं सांगितलं.

“बरं बरं,” तात्या म्हणाले. दुसरं ‘बरं’ जरा लांबलं. मग सोयरे कोण, कुठल्या आळीत राहतात, हे काही त्यांनी सांगितलं नाही. ते ‘बरं बरं’ प्रियदर्शनी शाळेपासून ऐकत आली होती. तिनं चहा संपवला आणि नकाशाची गुंडाळी उघडली.

काम सुरू झालं. ठेकेदार विशाल तसा बरा माणूस होता. सांगितलेलं ऐकायचा, मालात चोरी करायचा नाही. जोतं झालं, कॉलम उभे राहिले, ओट्यांवर काळा ग्रॅनाइट बसला. धरणाचं पाणी ओसरून जुन्या देवळाचं शिखर वर डोकवायला लागलं, तोवर गेटजवळच्या कोपऱ्यात स्वच्छतागृहाच्या भिंती दारांच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. येता-जाता बायका डोकावून बघत. लीलाबाईनं एकदा आत उभं राहून हात पसरून पाहिले आणि म्हणाली, “ऐसपैस हाय की!”

मग तात्या कुठल्याशा अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले.

बारामतीच्या ऑफिसात बैठक बसली. तात्यांनी मोबाईल पुढे केला. कुठल्या तरी गावाच्या वेशीवर माणसाएवढ्या लाल अक्षरांत ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव, शेजारी सिमेंटची बैलजोडी. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

“सेल्फी पॉइंट,” तात्या म्हणाले. “आपल्याकडं बैलाच्या जागी मासा. भला मोठा. हायवेनं जाणारा माणूस ब्रेक मारून थांबला पाहिजे. आन् गेटजवळचा कोपरा हीच आपली मोक्याची जागा. तितं संडास काय शोभतंय का, सर?”

“मग स्वच्छतागृह कुठं घ्यायचं?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“ते आपण फेज टूमध्ये घेऊ. मागच्या बाजूला,” पुष्कर सर म्हणाले. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

“मागच्या बाजूला पाणी चढतं, सर. आपणच लेव्हल घेऊन ठरवलंय. तिथं टाकी चालणार नाही. आणि फेज टूला मंजुरीच नाही. म्हणजे होणार नाही असं सरळ म्हणा.”

“मॅडम, तुमी लई मनाला लावून घेता,” तात्या हसले. “एवढी वर्षं त्या बसतायत का न्हाय? त्यांचं काय अडलं का? बायकांना सवय असते.”

प्रियदर्शनीच्या कानशिलात सणक गेली.

“कसली सवय, तात्या? दिवसभर पाणी न पिता उन्हात बसायची? रस्ता ओलांडताना टेम्पोखाली जायची? तुमच्या घरच्या बायकांना लावाल का ही सवय?”

“प्रियदर्शनी!” सर मोठ्यानं म्हणाले.

तात्यांनी मोबाईल खिशात घातला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते सरांसाठी होतं. “सर, तुमी बगा. कमिटीचा निर्णय झालाय.”

तात्या गेल्यावर सरांनी दार लावून घेतलं. “क्लायंटच्या घरच्या बायकांवर जातेस? शोभतं तुला? प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे काम पुढं सरकवणारा माणूस. तू अडवून धरतेस.”

“चुकीचं काम पुढं सरकवायला मला ठेवलंय का, सर? तुम्हीच म्हणाला होता, चांगला संदेश जातो.”

“तेव्हा क्लायंटची हरकत नव्हती. हे बघ, आपण इमारतीच्या नकाशाला जबाबदार आहोत, जगाला नाही. सुधारित ड्रॉइंग विशालला पाठव.”

“मी नाही पाठवणार.”

“ठीक आहे. मी पाठवतो,” सर म्हणाले. आजच्या दिवस चहा माझा मी करून घेतो, असं म्हणावं इतक्या सहज.

पुढच्या खेपेला ती भिगवणवरून डाळज ओलांडून साईटवर पोचली तेव्हा कोपऱ्यात जेसीबी उभा होता. भिंती आडव्या झाल्या होत्या. नव्या विटांचे तुकडे, चौकटींची मोडलेली लाकडं, आणि मधोमध शौचालयाचं एक पांढरं भांडं, कडेला टवका उडालेलं. विशाल लगबगीनं पुढे आला.

“मॅडम, सरांचा मेल आला. मी काय करणार? मी म्हणालो, मॅडमला विचारतो. तर म्हणाले, गरज नाही.”

“हात थरथरले नाहीत का रे तुझे? आपणच बांधलं होतं ना?”

जेसीबीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि लांब जाऊन बिडी ओढत बसला.

ती त्या ढिगाऱ्यापाशी थोडा वेळ उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. आपल्या अंगावर कुणी तरी हात टाकलाय आणि सगळे बघत उभे आहेत, असं काहीसं तिला वाटत होतं. मग ती गाडीच्या डिकीतून नकाशा काढून सर्व्हिस रोडवर आली, बायकांच्या मधोमध बसली आणि बर्फाच्या पेटीवर तो पसरला.

“मावशी, इथं तुमचं स्वच्छतागृह होतं. ते पाडलंय. परत बांधणार नाहीत. त्या जागी सिमेंटचा मासा उभा करणार आहेत.”

“कसला मासा?” लीलाबाईनं विचारलं.

“मोठा. लोकांनी पुढं उभं राहून फोटो काढायला.”

बायका एकदम हसल्या. लीलाबाई म्हणाली, “आन् आमी हितं जित्ता मासा घिऊन बसलोय, त्यो न्हाय व्हय दिसत कुणाला?”

हसू विरलं. ताईबाई नकाशाकडे बघत होती. तिला तो वाचता येत नव्हता, पण कोपरा कुठला ते तिच्या ध्यानात आलं होतं.

“ह्यो बाजार कुणासाठी बांधत्यात?”

“तुमच्यासाठी. मंजुरी तुमच्याच नावावर आणलीय.”

“मग पाडताना आमाला इचारलं का कुणी?”

“नाही.”

“बरं केलंस सांगितलंस,” ताईबाई म्हणाली. ‘मॅडम’ कधी सुटलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. “आता तू जा हितनं. तुझ्या नोकरीवर बेतंल. फुडचं आमी बगतो.”

बेतलंच. ती बारामतीला पोचायच्या आत सरांना फोन गेला होता. “क्लायंटची अंतर्गत गोष्ट तू रस्त्यावर जाऊन वाटलीस,” सर म्हणाले. “पळसदेवचं काम मी काढून घेतोय तुझ्याकडून. उद्यापासून बंगल्याच्या साईटवर.”

बंगला बारामतीतल्या एका डॉक्टरांचा होता. त्यांना पायऱ्यांच्या संगमरवराची छटा पसंत पडत नव्हती. प्रियदर्शनी नमुने दाखवत राहिली. दातांवर दात घट्ट रोवून राहायची तिला तिथे सवय लागली.

रविवारी ती कोऱ्हाळ्याला गेली. भानुदास विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग खोलून बसले होते. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “आण्णा, सोडून देते. मला त्यांचं तोंड बघवत नाही.”

भानुदासांनी हात पुसले. त्यांनाही राग आला होता. राग आला की त्यांची मान लाल व्हायची. “सोडलीस की ते काय म्हणतील ठावं हाय? बाईला जमलं न्हाय. त्यांनी काढलं तर काढू दे, आपन हून जायाचं न्हाय. सोडायची तर तुला वाटंल तवा सोड, त्यांच्या भ्यानं न्हाय.”

पळसदेवला इकडे इमारत तयार झाली. रंग लागला, पत्रे चढले, ओट्यांवर नळ आले. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार म्हणून तात्यांची धावपळ सुरू झाली. बायकांनी नव्या ओट्यांवर येऊन बसायचं, पुढारी फीत कापणार, एकीच्या हातून मासा घेणार, फोटो निघणार, असं सगळं ठरलं. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा ताईबाई चिलापीचे खवले काढत होती. तिनं वर न बघता सांगितलं, “आमी येत न्हाय. आधी आमचं पाडलेलं बांधा.”

तात्यांनी नवऱ्यांना बोलावून दम भरला. लीलाबाईच्या घरी भांडण झालं, तिच्या नवऱ्यानं दोन दिवस जेवण टाकलं. “टाक म्हनलं,” लीलाबाई नंतर सांगायची, “तेवढंच कालवण उरलं.” एकीला सासूनं बोलणी दिली, दुसरीच्या नवऱ्याला संस्थेनं होडी देणार नाही म्हणून धमकावलं. दोघी-तिघी डळमळल्याही. ताईबाई त्यांच्या घरी जाऊन बसली. लीलाबाईच्या जावेलाही कुबड्यांवर बरोबर घेऊन गेली. मग ताईबाईला फार बोलावं लागलं नाही.

पुढाऱ्यांची गाडी त्याच रस्त्यानं येणार होती. नवाकोरा बाजार ओस आणि बायका घमेली घेऊन बाहेर उन्हात, हे चित्र गाडीच्या काचेतूनच दिसलं असतं. तात्यांना झोप लागेना. शेवटी त्यांनी पुष्कर सरांना फोन केला आणि सरांनी प्रियदर्शनीला.

“त्या बायकांना तू चढवलंस.”

“मी त्यांना खरं सांगितलं, सर.”

“आता निस्तर. तुला सगळी लाइन-लेव्हल माहीत आहे. उद्घाटनाआधी स्वच्छतागृहाचा ब्लॉक उभा राहिला पाहिजे. त्याच कोपऱ्यात. मासा गेटच्या दुसऱ्या बाजूला जाईल.”

निस्तर! भिंती यांनी पाडायच्या, जागा माशाला यांनी द्यायची, आणि निस्तरायचं हिनं. तिच्या तोंडाशी खूप काही आलं. पण काम होत होतं. तिनं फोन ठेवला आणि विशालला लावला. विशालनं जणू अपराध फेडायचा म्हणून चांगले गवंडी आणले, टाइल्स स्वतः निवडल्या. दारांना आतून भक्कम कड्या, वर दिवा, कोपऱ्यात पाण्याची टाकी. पाणी सोडून बघितलं त्या दिवशी प्रियदर्शनीनं प्रत्येक नळ स्वतःच्या हातानं उघडून बंद केला.

उद्घाटनाला ती मागच्या रांगेत उभी होती. बायका ओट्यांवर बसल्या होत्या, फोटो निघाले. तात्या माईकवर म्हणाले, “आमच्या माता-भगिनींच्या सन्मानाची तळमळ माझ्या मनात पहिल्यापासून होती. म्हणून म्हटलं, दर्शनी जागा त्यांनाच!” टाळ्या पडल्या. पुष्कर सरांना शाल-श्रीफळ मिळालं. सरांनी हात जोडून “हे सगळं तात्यांच्या दूरदृष्टीचं” म्हटलं, तेव्हा प्रियदर्शनी मंडपाबाहेर निघून आली. आणखी थोडा वेळ थांबली असती तर ती ओरडली असती.

इमारत ताब्यात दिल्यावर काही महिन्यांनी जाऊन काही गळतंय का, तडे गेलेत का, हे बघायचं असतं. पावसाळा संपल्यावर ती त्या कामासाठी पळसदेवला गेली. बरोबर विशाल आणि त्याचा प्लंबर होता. बाजार गजबजलेला होता. सिमेंटच्या माशापुढे एक कुटुंब फोटो काढत होतं. आणि कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाच्या दाराला कुलूप होतं. गंजायला लागलेलं.

“हे कधीपासून?” तिनं ताईबाईला विचारलं.

ताईबाईनं नजर चुकवली. “उद्घाटन झालं, चार दिस उघडं हुतं. मग कुलूप घातलं. चावी वाचमनकडं असती. कुणी मोठं पावनं आलं की उघडत्यात.”

“आणि तुम्ही?”

“आमचं उसात.”

“मला का नाही सांगितलं, मावशी?”

“एकदा तुझी साईट गेली आमच्यापायी. आनी किती येळा सांगायचं?”

तिनं तिथूनच तात्यांना फोन लावला. तात्या इंदापुरात एका कार्यक्रमात होते. “मॅडम, त्या बायका घाण करत्यात,” ते म्हणाले. “मासळीच्या पायांनी आत जात्यात. एवढ्या चांगल्या फरशा. सांभाळायचं कुणी? चांगली चीज चांगल्या माणसांसाठी ठिवावी लागती.”

“चांगली माणसं म्हणजे कोण, तात्या?”

“आता तुमी शब्दात धरू नका.”

तिनं फोन बंद केला. चांगली माणसं. फरशा सांभाळायच्या आणि बायकांना ट्रकांपुढे सोडायचं. प्लंबरच्या पिशवीतून तिनं हातोडा आणि छिन्नी काढली.

“मॅडम, जरा थांबा,” विशाल म्हणाला. “आपण इमारत ताब्यात दिलीय. आता कुलूप त्यांचं आहे.”

“तू लांब हो. तुझं नाव येणार नाही.”

ताईबाई ओट्यावरून उतरून आली. “आन हिकडं त्यो हातोडा. मला म्हातारीला कोन काय करतंय? तुझी नोकरी हाय.”

“नाही, मावशी. एकदा माझ्या डोळ्यांदेखत पाडलेलं बघून मी नुसती उभी राहिले. आज नाही.”

तिला कुलूप तोडायची सवय नव्हती. पहिला घाव निसटला, दुसरा बोटाला चाटून गेला. बाजार थांबून बघत होता. गिऱ्हाईकं, होड्यांवरचे पुरुष, सगळेच. काही घावांनंतर कुलूप तुटून खाली पडलं. लीलाबाई पदर खोचून पुढे झाली, तिनं दार ढकललं, आणि कुणाकडेही न बघता आत जाऊन कडी लावली.

बायकांनी तिथल्या तिथे ठरवलं. रोज दोघींनी पाळीनं धुवून काढायचं. रात्री लावायला नवं कुलूप आणायचं, त्याची चावी ताईबाईच्या कनवटीला. संस्थेच्या कुणाला द्यायची नाही.

तात्या इंदापूरहून तणतणत आले आणि त्यांनी पोलीस बोलावले. थोड्या वेळानं हायवेच्या बंदोबस्तावरची जीप आली. एक हवालदार आणि एक तरुण महिला कॉन्स्टेबल.

“संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केलंय,” तात्या म्हणाले. “ह्या बाईंनी. सगळ्यांनी बघितलंय.”

“कुलूप कुणी तोडलं?” हवालदारांनी विचारलं.

“मी तोडलं,” प्रियदर्शनी म्हणाली. “माझं पूर्ण नाव लिहून घ्या. आडनावासकट. आणि ते कशाचं कुलूप होतं तेही लिहा.”

कॉन्स्टेबल तिच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, ते पुढं बघू. आत पाणी आहे का? सकाळपासून उभी आहे मी हायवेला.”

ताईबाईनं दाराकडे हात केला. कॉन्स्टेबल गेली. हवालदार आकाशाकडे बघत होते. तात्या चष्मा पुसत होते. बाहेर आल्यावर तिनं हात पुसले, टोपी नीट केली आणि विचारलं, “तात्या, मंजुरीत हे बायकांसाठी म्हणून दाखवलंय ना? मग कुलूप घातलं कुणी, हे पण तक्रारीत घ्यावं लागेल. घ्यायचं का?”

तात्यांनी तक्रार दिली नाही. “बघून घेतो” एवढं म्हणून ते गाडीत बसले. त्यांनी बघून घेतलं ते एवढंच, की पुष्कर सरांना पुढची दोन कामं देणार नाही असं कळवलं. सरांनी आठवडाभर प्रियदर्शनीशी बोलणं टाकलं. काढून मात्र टाकलं नाही. का, ते तिला नंतर कळलं.

एका सकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. ग्रामीण भागातल्या चांगल्या इमारतींसाठी एक पुरस्कार होता. पळसदेवच्या बाजाराचे फोटो टेबलावर पसरले होते. सगळ्यात वर स्वच्छतागृहाचा, उतरत्या उन्हात काढलेला, फार सुंदर.

“परीक्षकांना हा मुद्दा आवडणार,” सर उत्साहानं म्हणाले. “स्त्री-केंद्रित रचना. दर्शनी कोपरा बायकांना देणं, ही आपली मूळ कल्पना. तू छान लिहितेस. पानभर मजकूर लिहून दे. तुझंही नाव टाकू खाली, टीममध्ये.”

प्रियदर्शनीनं फोटो हातात घेतला.

“जेसीबीनं पाडलं ते लिहू का, सर? तुम्ही मेल पाठवला होता तो?”

“आता ते कशाला उकरतेस? शेवटी झालं ना बांधून? शेवट महत्त्वाचा.”

“शेवट लीलाबाईच्या घरी विचारा. ताईबाईला विचारा. ते तुमच्यामुळे झालं नाही, तुम्ही आडवे आलात तरी झालं. आणि बक्षीस तुम्ही घेणार?”

“राग आवर, प्रियदर्शनी. एवढ्या रागानं या धंद्यात टिकत नाही कुणी.”

“राग आला नसता तर तिथं आज कुलूप असतं, सर.” तिनं फोटो टेबलावर उलटा ठेवला. “मजकूर मी लिहिणार नाही. आणि उद्यापासून मी येणार नाही. हे मी तात्यांना भिऊन करत नाही, तुम्हाला भिऊनही नाही. मला आज वाटलं म्हणून.”

सरांना पुरस्कार मिळाला की नाही, याची तिनं चौकशी केली नाही.

आता तिचं स्वतःचं छोटं ऑफिस इंदापुरात आहे, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. घरं, गोदामं, एखादी शाळेची खोली, अशी कामं येतात. साईट सुरू करायच्या आधी मजूर बायकांसाठी पाण्याचं, दाराचं, आतून कडी असलेलं शौचालय उभं करायचं, अशी तिची अट असते. पुष्कळ क्लायंट हसतात. काही उठून जातात. परवा एक जण म्हणाला, “मॅडम, चार महिन्यांचं तर काम आहे, बायका काय, घेतात चालवून.”

तिनं त्याचा नकाशा गुंडाळून त्याच्या हातात परत दिला आणि दारापर्यंत सोडायलाही उठली नाही.